बारावं फूल तरवडाचं

कॅमेरा मामाचा होता आणि दोरा माझा.

कॅमेरा म्हणजे काळा चौकोनी डबाच. मामा हुबळीला असायचा. गणपतीत आला तेव्हा आपण होऊन तो माझ्याकडे ठेवून गेला आणि दसऱ्याला परत नेईन म्हणाला. आत एक कोरा रोल होता, बारा फोटोंचा. दुसरा मिळण्याची आशा नव्हती. त्या दिवसांत दुकानात रोल मागितला की दुकानदार न बघताच ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणायचा, आणि पुढच्या आठवड्यातही तेच म्हणायचा.

त्या कॅमेऱ्याला जवळचं दिसत नसे. माणूस पाच-सहा पावलांवर उभा असला तर ठीक यायचा. फुलाजवळ नेला की मात्र सगळं धुरकट. यावर तोडही मामानेच काढून ठेवली होती. म्हाताऱ्या माणसांना वाचायला देतात तसलं एक गोल भिंग त्याने चष्म्याच्या दुकानातून आणलं होतं. ते रबरबँडने कॅमेऱ्याच्या डोळ्यावर बसवायचं. मग फूल बरोबर एक हात चार बोटांवर हवं, कमी नाही आणि जास्तही नाही. मी आईच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा तेवढाच कापला आणि एक टोक कॅमेऱ्याला बांधलं. दुसरं टोक फुलाला टेकवायचं. दोरा ताठ झाला की अंतर बरोबर. मग दोरा सोडायचा, श्वास धरायचा आणि कळ दाबायची. रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून एक मुलगी गवताला दोरा लावून मोजते आहे, हे बघायला सायकलवाले हमखास थांबत. मग मी चपलेचा अंगठा तुटल्यासारखं करायचे. चप्पल हातात घेऊन इकडेतिकडे पाहायचे, आणि सायकल पुढे गेली की पुन्हा दोरा काढायचे.

हे सगळं सुरू झालं ते वर्गात माझ्या तोंडून निघालेल्या एका वाक्यामुळे.

वडिलांच्या बदल्या सारख्या होत. म्हणून मला दहा वर्षं दूरच्या एका इंग्रजी शाळेच्या हॉस्टेलवर ठेवलं होतं. वडील सोलापूरला स्थिरावले, विजापूर रस्त्याकडच्या एका कॉलनीत घर झालं, आणि कॉलेजसाठी मी घरी आले. दुष्काळ सरून दोन-तीन पावसाळे झाले होते. रस्त्याच्या कडा पुन्हा हिरव्या व्हायला शिकल्या होत्या. कॉलेजात मागच्या बाकांवरची मुलं मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणत. माझं मराठी चुकीचं नव्हतं, पण ते घरात वापरायचं होतं, चार माणसांत न्यायचं नव्हतं. बोलायच्या आधी मी पूर्ण वाक्य मनात जुळवून बघायचे. ते जुळेपर्यंत बोलणं दुसरीकडे गेलेलं असायचं. पहिले तीन महिने मी वर्गात ‘प्रेझेंट सर’ याखेरीज काहीही बोलले नाही.

एकदा वनस्पतिशास्त्राचे सर वाळवलेल्या फुलांचे कागद दाखवत होते. पिवळं फूल वाळवलं की महिन्याभरात चहाच्या रंगाचं होतं, म्हणून आपल्याकडची पिवळी रानफुलं कुणी नीट जमवलेलीच नाहीत, असं ते म्हणाले. मी काही जुळवायच्या आधीच बोलून गेले.

“सर, मी फोटो आणते. बारा आणते.”

बारा का, तर रोलमध्ये बारा होते म्हणून. सगळा वर्ग वळून बघू लागला. सरांनी मला बसायला सांगितलं आणि डायरीत काहीतरी लिहिलं. दोन दिवसांनी विभागाबाहेरच्या भिंतीवर एक मोठा पुठ्ठा लागला. वर ‘सोलापूर परिसरातील पिवळी रानफुले’, खाली शाईने आखलेल्या बारा चौकटी आणि कोपऱ्यात माझा हजेरी क्रमांक. दसऱ्यानंतरच्या सोमवारी प्रदर्शन. सरांनी मला बोलावून एवढंच सांगितलं की बाकी अकरा कुठलीही चालतील, पण तरवड हवा. तरवड नसेल तर ही फुलं सोलापूरची आहेत हे कुणाला पटणार नाही.

रोज वर्गात जाताना त्या रिकाम्या चौकटींवरून जावं लागे. आठवड्याभरात कुणीतरी बाराव्या चौकटीत पेन्सिलीने ‘वरण’ असं लिहून ठेवलं. मला हसू आलं, पण फार वेळ टिकलं नाही. तीन महिन्यांत एकदाच तोंड उघडलं होतं. आता अकरा फोटो घेऊन गेले असते, तर पुढची तीन वर्षं मी ते पुन्हा उघडलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पहिली अकरा फुलं दोन आठवड्यांत मिळाली. बिट्टी शेजारच्या निवृत्त मास्तरांच्या बागेत होती. ती रानफूल नाही हे मला कळत होतं, पण कुंपणाबाहेर आलेली फांदी रानातली धरायला हरकत नाही असं मी ठरवलं. मास्तर खिडकीतून बघत होते. त्यांनी आईला विचारलं, मुलगी सर्व्हे खात्यात लागली का. बाभळीचे पिवळे गोंडे ओढ्यावर मिळाले. टाकळा तर आमच्या गटाराच्या कडेलाच होता. घोळीची टिकलीएवढी फुलं दहा वाजता उघडून बाराला मिटायची. त्यांच्यासाठी मी कॉलेजचे दोन तास बुडवले, आणि माझ्या कडक शाळेने दहा वर्षांत जे शिकवलं नव्हतं ते घोळीने एका सकाळीत शिकवलं. बाकीची फुलं मी पुस्तकातल्या लॅटिन नावाने ओळखायचे. त्यांना इथे काय म्हणतात याचा मला पत्ता नव्हता.

तरवड मी मुद्दाम शेवटी ठेवला. विजापूर रस्त्यावर मैलाच्या दगडाशेजारी एक झुडूप होतं, माझ्या खांद्याएवढं. आधी दोन-चार तुरे होते, मग दहा-बारा, मग मोजता येईनात. रोज संध्याकाळी जाऊन मी ते बघून यायचे आणि म्हणायचे, आज नको, उद्या आणखी फुलेल. एकच फोटो उरला होता, तो अर्ध्या फुललेल्या झाडावर का घालवा. हा लोभ मी आठ दिवस केला. एका संध्याकाळी झाड असं भरून आलं की पान दिसेना. सूर्य बुडाला होता आणि त्या कॅमेऱ्याला ऊन लागायचं. उद्या सकाळी ऊन पाठीशी घेऊन काढायचा, असं ठरवून मी घरी आले.

सकाळी साडेआठला गेले तर झाडावर एक फूल नव्हतं.

हिरवी पानं होती, चपट्या शेंगा लोंबत होत्या, मैलाचा दगड जागेवर होता. आधी वाटलं कुणाची शेळी सोडली असेल. मग आठवलं, तरवडाला शेळी तोंड लावत नाही, हे सरांनीच सांगितलं होतं. पुढे चालत गेले. रस्त्याच्या दोन्ही कडांचे सगळे तरवड तसेच, कुणीतरी हजेरी घेत गेल्यासारखे साफ केलेले. मी कॅमेरा पिशवीत टाकला आणि घरी आले.

घरी देवघरात घट बसवला होता. मातीत धान्य पेरलेलं, वर कलश, आणि छताच्या कडीवरून घटावर सोडलेली हातभर लांब माळ. पिवळीधमक, ताजी, तरवडाची.

मी दारातच उभी राहिले. आई समईची वात सारखी करत होती. तिला वाटलं मला माळ आवडली. पहिली माळ तरवडाचीच असते, ती सांगू लागली, तिच्या माहेरी मैंदर्गीकडे तर नऊच्या नऊ तरवडाच्या. या दिवसांत गावागावांतल्या बायका पहाटे उठून झाडं ओरबाडतात, उशिरा गेलं तर पाकळी मिळत नाही. मग माझ्या तोंडाकडे बघून तिने विचारलं की हे मला माहीत नव्हतं का. मी नकाराने मान हलवली.

“नवरात्रात तू होतीस कुठे घरी,” ती हळूच म्हणाली.

दहा वर्षं मी दिवाळीला घरी यायचे. दसऱ्याला शाळेत एक दिवस सुट्टी असे, आणि त्या दिवशी आम्ही हॉकी खेळायचो. घट मी पुस्तकात वाचला होता.

मग मी तिला सगळं सांगितलं. बारा चौकटी, एक उरलेला फोटो, दसऱ्याला येणारा मामा. आई हसायला लागली आणि मग हसू आवरून म्हणाली की माळ अक्कांनी आणून दिली, त्यांनाच सांगायचं, एखादं झाड ठेवतील. अक्का म्हणजे आमच्याकडे दही घालणाऱ्या बाई. मंद्रूपच्या वाटेवरच्या एका वस्तीवरून डोक्यावर पाटी घेऊन येत, आणि नवरात्रात दह्याबरोबर सात-आठ घरांना माळाही देत. आई त्यांच्याशी अर्धं कानडीत बोले. माझ्याविषयी असेल तर पूर्ण कानडीत.

“तूच सांग ना,” मी म्हणाले.

“फोटो मी काढणार आहे का?” आईने विचारलं आणि ती स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी मी अंधारात उठले. रस्त्यावर पोचले तेव्हा जेमतेम दिसू लागलं होतं. रात्रीतून कळ्या उमलल्या होत्या, माझं झुडूप पुन्हा भरलं होतं. पण कॅमेऱ्याला पुरेल एवढं ऊन यायला तासभर तरी होता, आणि अक्का आणखी तीन-चार बायकांबरोबर दगडाकडे येतच होत्या. मी मनात वाक्य जुळवायला घेतलं. पहिल्या वाक्यात ‘कृपया’ आलं. रस्त्यावर तरवड तोडणाऱ्या बाईला कृपया म्हणायचं की नाही हे ठरेपर्यंत त्यांचे हात माझ्या झुडपावरून फिरून गेले होते. रोजच्या कामाला फिरावेत तसे, गप्पा मारत, न बघता. मी घरी येऊन चहा प्याले. आईने दुसरी माळ घटावर बांधताना माझ्याकडे एकदा बघितलं.

तिसऱ्या दिवशीही मी दगडापाशी तशीच उभी होते. या खेपेला अक्काच माझ्याकडे आल्या.

“वैनीची पोरगी न्हवं तू? काल बी हितंच हुबी हुतीस. कुनाची वाट बगतीस गं?”

मागच्या बायका खुसखुसल्या. मला कानांपर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. काही जुळवायला वेळ नव्हता.

“झाडाची,” मी म्हणाले.

बायका आता मोकळेपणी हसल्या. अक्का हसल्या नाहीत. झाडाची म्हणजे काय, ते त्यांना खरंच कळून घ्यायचं होतं. मी पिशवीतून कॅमेरा काढला. भिंग दाखवलं, दोरा दाखवला, आणि एकामागून एक वाक्यांचे तुकडे टाकत सांगितलं की एकच फोटो उरलाय, ऊन आलं की काढायचाय, पण ऊन येतं तेव्हा फुलं तुमच्या पाटीत असतात. त्यांनी दोऱ्याचं टोक बोटांत धरून पाहिलं. मग पाटीतून ओंजळभर फुलं घेतली आणि नुकत्याच मोकळ्या केलेल्या फांद्यांच्या बेचक्यांत भराभर खोचू लागल्या. एक तुरा उलटा, एक शेंगेवर, एक शेजारच्या एरंडावर.

“घे. काढ आता.”

हे चालणार नाही, सरांच्या लक्षात येईल, असं मी सांगितलं.

“सर लई हुशार हाय व्हय?”

“फुलांच्या बाबतीत आहेत.”

“मग त्येनास्नीच धाडायचं की पहाटंचं,” अक्का म्हणाल्या आणि खोचलेली फुलं एकेक काढून पुन्हा पाटीत टाकू लागल्या. पाटी डोक्यावर घेता घेता त्या थांबल्या. उद्या त्या हे झाड तोडणार नव्हत्या. पण त्यांनी न तोडून काय होणार, मागून येणाऱ्या थोड्याच सोडणार होत्या? राखत बसावं लागेल, त्या म्हणाल्या. मला वाटलं, मी राखत बसावं असं त्यांना म्हणायचंय.

चौथ्या दिवशी मी गेले तर अक्का मैलाच्या दगडाला पाठ टेकून बसल्या होत्या. दह्याची पाटी एका बाजूला, फुलांची दुसऱ्या बाजूला. मागे माझं झाड पुरं भरलेलं. मला बघून त्यांनी जमिनीवर हात आपटून जागा दाखवली. मी त्यांच्या शेजारी बसले. रस्त्याच्या कडेला धुळीत अशी मी पहिल्यांदाच बसले होते, आणि चपलेचं काही नाटक न करता.

बायका येऊ लागल्या. पहिलीने झाडाकडे हात नेला.

“त्येला हात लावू नगंस,” अक्का म्हणाल्या. “नवरी हाय ती आज. फोटू निघायचाय तिचा.”

“आन् नवरा कुटं हाय?”

“यील की. उगवायचाय अजून.” अक्कांनी हनुवटीने पूर्वेकडे दाखवलं.

यावर जो हशा झाला त्यात मीही होते. त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकीला आधीचीच सांगू लागली, ती नवरी आहे, पुढचं झाड घे. एका बाईने तर जाताना झाडाला लांबूनच नमस्कार केला, आणि तो थट्टेचा होता की खरा ते मला कळलं नाही.

वाट बघताना मी वही काढली. अकरा फुलांची मी चित्रं काढून ठेवली होती, खाली लॅटिन नावं. अक्कांना वाचता येत नव्हतं, पण चित्रं चटकन ओळखू आली. ज्याच्या शेंगा वाळल्यावर वाजतात तो खुळखुळा. ज्याच्या फळाचा शिक्का लहानपणी त्या हातावर उमटवायच्या ती पेटारी. चिकट पानांची ती तिळवण. एका चित्रावर त्यांचं बोट थांबलं.

“ह्यो सराटा. ह्येचं फूल कोन बगतंय? समदी काटा टोचल्यावरच खाली बगत्यात.” मग माझ्याकडे नीट बघून त्या म्हणाल्या, “तू बगितलंस व्हय.”

मी सगळी नावं लिहून घेतली. माझं अक्षर मराठीत जरा लहान मुलासारखं येतं. अक्का ते उमटताना लक्ष देऊन बघत होत्या.

ऊन सरळ आमच्याकडे आलं नाही. आधी समोरच्या कडुलिंबाच्या शेंड्यावर पडलं, मग खाली उतरत बाभळीवर, मग तारेच्या खांबावर. आमची जागा रस्त्याच्या खळग्यात होती. सात घरी दही जायचं होतं, सात घरी माळा जायच्या होत्या. अक्कांनी सूर्याकडे दोनदा बघितलं आणि वैनी कावली असेल असं एकदा म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. शेवटी ऊन मैलाच्या दगडावर आलं, अक्कांच्या पदरावर आलं, आणि मग झाडाच्या वरच्या तुऱ्यावर. तो तुरा पेटल्यासारखा पिवळा झाला. मी उठले, भिंग बसवलं, दोरा लावला.

आणि उन्हाबरोबर वारा सुटला.

तुरा एक हात चार बोटांवर राहीना. दोरा ताठ व्हायचा, सैल पडायचा, पुन्हा ताठ. मी श्वास धरायचे आणि सोडायचे. पाच मिनिटं गेली असतील. एक फोटो होता आणि तो हललेला आला असता तर ‘वरण’च बरं होतं.

“धरू का?” अक्कांनी विचारलं.

“धरा,” मी म्हणाले.

त्यांनी फांदी खालून धरली, बाळाचं डोकं धरतात तशी. तुरा थांबला. दोरा ताठ झाला. मी कळ दाबली आणि मागची किल्ली फिरवत राहिले, रोल संपून ती मोकळी फिरू लागेपर्यंत.

झालं का, अक्कांनी विचारलं. झालं म्हटल्यावर त्यांनी एक क्षणही घालवला नाही. ज्या हाताने फांदी धरली होती त्याच हाताने झाड साफ करू लागल्या. आता देवीचं, त्या म्हणाल्या. मीही तोडू लागले. देठापासून कसं खुडायचं ते त्यांनी एकदाच दाखवलं. कॉलनीत आम्ही दोघी बरोबरच आलो, दही त्यांच्या डोक्यावर आणि फुलं माझ्या हातात. आई दारात उभी होती. चौथी माळ उशिरा झाली म्हणून ती रागावायच्या तयारीत होती, पण पाटी माझ्या हातात बघून विसरली.

नव्या पेठेतल्या एका स्टुडिओत मी रोल धुवायला दिला. तिथले वयस्कर फोटोग्राफर मुली दाखवायच्या फोटोंसाठी माहीत होते. चेहऱ्यावरची पुटकुळी, कपाळावरची खूण, सगळं ते बारीक पेन्सिलीने नाहीसं करत. तीन दिवसांनी त्यांनी बारा फोटो काउंटरवर मांडले. दोन फोटोंत फुलांचे शेंडे कापले गेले होते, घोळीचं फूल ठिपक्याएवढं आलं होतं, पण बारा होते.

आणि बाराच्या बारा पांढरे होते.

रोल काळा-पांढरा आहे हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं, पण त्याचा अर्थ मी कधी लावला नव्हता. पिवळ्या फुलांचा पुठ्ठा भरायला मी बारा पांढरी फुलं घेऊन उभी होते. फोटोग्राफर म्हणाले की पिवळं असंच येणार, त्याला इलाज नाही. मग शेवटच्या फोटोवर त्यांनी चष्मा पुढे ओढला. खालच्या बाजूने अक्कांचा हात आला होता. हिरव्या बांगड्या, नखांत माती, तळव्यावर पडलेल्या चिरा. हा हात चुकून आलाय, ते म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत पुसून देतो, कुणाला कळणारही नाही.

“हात राहू दे,” मी म्हणाले. एवढ्या मोठ्याने की शेजारच्या बाकावर फोटोसाठी नटून बसलेली मुलगी दचकली.

नवमीला सकाळी अक्का आल्या तेव्हा आईने फोटो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी आधी हात ओळखला आणि पदर तोंडाला लावून हसल्या. मग फुलांकडे बघून त्यांचं हसू गेलं.

“पांढरी की गं ही. ह्यो काय मोगरा हाय व्हय?”

मी त्यांना रोलचं सांगू लागले. त्या ऐकत होत्या असं मला वाटलं. पण त्यांची नजर घटापुढच्या हळदी-कुंकवाच्या कोयरीवर होती. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी करंगळी पाण्यात बुडवली, हळदीत टेकवली, आणि फोटोतल्या वरच्या तुऱ्याला लावली.

आई “अहो अक्का” म्हणेपर्यंत दुसरा तुराही झाला होता.

मला ओरडावंसं वाटलं. स्टुडिओ दसरा होईपर्यंत बंद, सोमवारी प्रदर्शन, दुसरी प्रत नाही. मी हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला, कारण आता ओढून घेतलं असतं तर सगळंच फिसकटलं असतं. त्या एकेक पाकळी सावकाश करत होत्या, पानांना लागू न देता.

“नवरीला हळद न्हाय लावली तर कसं व्हायचं,” त्या म्हणाल्या. शेवटच्या फुलाला लावून उरलेलं बोट त्यांनी माझ्या गालाला पुसलं.

फोटो मी खिडकीत नेला. पानं राखाडी, आभाळ राखाडी, हात राखाडी, आणि फुलं पिवळी. तरवडाचाच पिवळा, तसा जिवंत, थोडा ओबडधोबड. वाळल्यावर हळद कागदात मुरली आणि पुसली तरी जाईना. बाकीच्या अकरांना मी लावावी असं अक्का सांगून गेल्या, पण माझं धाडस झालं नाही. त्यांच्यासारखा माझा हात स्थिर नव्हता.

दसऱ्याला मामा आला आणि कॅमेरा घेऊन गेला. शेंडे कापलेले दोन फोटो बघून त्याला फार बरं वाटलं. आमच्या घरच्या सगळ्यांच्या फोटोत तो डोकी कापतो म्हणून त्याला आजवर सगळे हसत.

सोमवारी बारा चौकटी भरल्या. खाली मी माझ्या लहान मुलासारख्या अक्षरात नावं लिहिली, लॅटिन वर आणि अक्कांनी सांगितलेलं खाली. ‘वरण’ कुणी खोडलं नव्हतं, ते तरवडाखाली गेलं. मागच्या बाकांवरची मुलं आली आणि एकाने अपेक्षेप्रमाणे विचारलं की ही पिवळी कशावरून. अकरा तर पांढरी आहेत, आणि बारावं रंगवलंय. सगळे हसले. सर पुढे आले. त्यांनी बाराव्या फोटोजवळ नाक नेलं आणि ते तसंच ठेवलं.

“हळद?” त्यांनी विचारलं. “आणि हा हात कुणाचा?”

वाक्य जुळवायला पुष्कळ वेळ होता, सगळे थांबलेच होते. पण मी सरळ सुरुवात केली. घटापासून केली. पहाटेच्या बायका, उलटी खोचलेली फुलं, एरंडावरचा तुरा, नवरीचा नवरा उगवायचा होता ते, वारा, करंगळी. अक्कांचं बोलणं मी त्यांच्याच बोलीत सांगितलं, ‘लई’ आणि ‘व्हय’ सकट, आणि ते माझ्या तोंडून असं निघालं की मंद्रूपकडून येणारा एक मुलगा मोठ्याने हसला. पण त्या हसण्यात टोचणारं काही नव्हतं. मग सराट्याच्या फुलाकडे कुणी का बघत नाही ते सांगितलं, घोळ किती वाजता उघडते ते सांगितलं. तासाची घंटा झाली ती मी ऐकली आणि बोलत राहिले. सरांनीही थांबवलं नाही.

पुठ्ठा खिडकीसमोर होता. दुपारचं ऊन लागून हळद दिवाळीपर्यंत विटत गेली, आणि उतरवला तेव्हा बारावं फूलही अकरांसारखं पांढरं झालं होतं. तो फोटो माझ्याकडे आहे. हात अजून स्पष्ट आहे, बांगड्या मोजता येतात.

‘कॉन्व्हेंट’ मात्र त्या सोमवारीच गेलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात मागून कुणीतरी “ए हळद” अशी हाक मारली. मी वळून बघितलं आणि काय रे म्हटलं.